कंदाचं डोकं

पीएच.डी.च्या नमुन्यासाठी रविनाने धडगावच्या डोंगरातला तो दुर्मिळ कंद मुळासकट उपटला, तशी सोबत आलेली तिची आई, तुळशीबाई, खवळलीच.

"सगळाच काढलास? एवढं शिकून हेच आलं तुला?"

तिनं कंद हिसकावून घेतला, विळ्यानं कोंबाकडचं डोकं कापलं आणि त्याच खड्ड्यात पुरून वर माती दाबली.

"खालचं आपण खायचं, डोकं डोंगराला परत द्यायचं. माझी आजीही असंच करायची."

नमुना अर्धाच हाती राहिला म्हणून रविना घरी येईपर्यंत धुसफुसत राहिली. मग तिनं वही उघडली. 'ही वनस्पती फक्त याच उतारावर का टिकली?' या प्रश्नापुढे तिनं मागेच 'माती आणि पाऊस' असं लिहून ठेवलं होतं. ते तिनं खोडलं आणि आईचं नाव लिहिलं.