डावीकडची खुर्ची

आमचे हे मालगाडी चालवतात. डिझेल इंजिनाच्या धडधडाटात आयुष्य गेलं, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागतात. पण साहेब समोर आला की मूग गिळून बसतात, आणि त्याचाच मला संताप येतो.

फाटक नसलेल्या रस्त्यावर यांच्या गाडीने दुधाची व्हॅन उडवली. व्हॅनवाला वाचला, पण त्याचा एक पाय गेला. हे रोज दवाखान्यात त्याच्या उशाशी जाऊन बसायचे आणि घरी आले की ताट सरकवून द्यायचे. कंपनीने मात्र कळवून टाकलं की चालकाचं लक्ष नव्हतं. चौकशीत तेच कायम झालं असतं तर नोकरी गेलीच असती. नोकरीचं एक वेळ बघून घेतलं असतं. पण बेफिकिरीने माणसाचा पाय घेतला हा डाग कशाने धुणार होते?

आता या इंजिनाचं ऐका. चालकाची खोली एका टोकाजवळ असते. ते आखूड टोक पुढे असलं की रस्ता लख्ख दिसतो. उलट चाललं की इंजिनाचंच सगळं लांबलचक धूड पुढे येतं. छातीशी कपाट धरून जिना उतरावा तसा प्रकार. अशा वेळी चालक उजवीकडे, त्याला डावीकडचं दिसत नाही, म्हणून डावीकडच्या खुर्चीत सहायक बसायचा. हे विचारायचे, "डावीकडे?" तो म्हणायचा, "साफ." तो सहायक म्हणजे माझा धाकटा दीर.

मग कंपनीला काटकसर सुचली. शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायचं चक्र होतं, ते भंगारात काढलं. म्हणजे परतीची गाडी कायम उलटी. त्यानंतर सहायकांच्या जागाच रद्द केल्या. दीर आता गोदामात पोती रचतो आणि यांच्या शेजारची खुर्ची रिकामी. हे अजून सवयीने विचारतात, "डावीकडे?" स्कूटरवरसुद्धा. मी मागे बसून "साफ" म्हणते. इंजिनात कोण म्हणणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते याला.

चौकशीच्या दिवशी हे वाचायचा चष्मा घरीच विसरले. तो द्यायला मी इंजिनांच्या शेडमध्ये गेले, तर चौकशीच्या साहेबाने लगेच विचारलं, "चष्मा लागतो का यांना?"

"वाचायला लागतो. तुम्हालाही लागलेला दिसतोय," मी म्हटलं. यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी दुसरीकडे बघितलं.

साहेब इंजिनावर चढला, खुर्चीत बसला आणि आखूड टोकाच्या काचेतून बाहेर बघत खाली कारकुनाला म्हणाला, "इथून तर सगळं स्वच्छ दिसतं. लिहून घ्या." हे त्याच्या मागे मान खाली घालून उभे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, त्या दिवशी परतीची गाडी होती, उलटी, तिकडे चालली होती. तुम्ही इकडे काय बघताय?"

"बाई, तुम्ही घरच्या. तुम्ही यात बोलायचं नसतं."

"घरातला माणूस तुम्ही घरी बसवायला निघालात. मग घरच्यांनी नाही तर कोणी बोलायचं? वळून बसा. व्हॅन जिथे होती तिथे मी उभी राहते."

कारकून हसू दाबत होता. साहेब नाइलाजाने यांच्या नेहमीच्या खुर्चीत, यांच्यासारखं लांब टोकाकडे तोंड करून बसला. मी इंजिनाच्या कडेकडेने चालत गेले. पत्रा अजून गरम होता, तेलाचा वास येत होता. टोकापाशी पोचून मी डाव्या बाजूला रुळाला चिकटून उभी राहिले. अशाच जागी तो बिचारा दुधाचे कॅन घेऊन आला होता.

वरून साहेबाचा आवाज आला, "बाई कुठे गेल्या?"

मग आमच्या यांचा आवाज आला. घरी येतो तसा, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा.

"डावीकडे?"

"माणूस आहे," मी म्हटलं.