मागची सीट

मी दोन सीटची एक जुनी सायकल. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एका गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी असते. मित्रांनो, माझा रंग उडालाय, पण माझ्या चाकांना अजून कुणी नावं ठेवत नाही.

वेन्डेलनं मला इर्माशी लग्न ठरलं तेव्हा घेतलं. तो पुढे, ती मागे. मागच्याला रस्ता दिसत नाही, म्हणून खड्डा आला की पुढच्यानं ओरडून सांगायचं, ही आमची रीत. तो ओरडे, "इर्मा, खड्डा! आणि पाय हलव, नुसतं डोंगर काय बघतेस?" ती म्हणे, "तुझी पाठच दिसते मला." फार सुंदर दिवस होते ते.

मग वेन्डेलला कर्करोगानं नेलं. मी धूळ खात पडले. माझ्या चेनला गंज चढला आणि मला वाटलं, संपलं आपलं.

कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला दरवर्षी आमच्या भागातून सायकलस्वार डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत जातात. इर्मानं त्यात नाव दिलं, माझा गंज काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसली. मागच्या सीटवर मात्र ती कुणाची साधी पिशवीही ठेवू देईना. "ती वेन्डेलची जागा आहे," म्हणायची. ती पुढे पाय मारी, तशी मागची पेडलं रिकामीच फिरत. मला फार वाईट वाटे.

घाटात मात्र तिचा दम संपला. मी काही हलकी नाही, मित्रांनो. सायकलस्वारांच्या मागून येणारी मदतीची व्हॅन आली, तशी इर्मा रस्त्याच्या कडेला बसून रडू लागली.

"मला नाही जमत, जोसी. घाल हिला व्हॅनमध्ये."

व्हॅन चालवणारी जोसी स्वतः या आजारातून उठलेली, डोक्यावर नुकते बोटभर केस आलेले. तिनं व्हॅनची किल्ली आत बसलेल्या, गुडघा दुखणाऱ्या एका सायकलस्वाराच्या हातात दिली.

"मला बसू दे मागे."

"जोसी, ती जागा..."

"माहीत आहे गं. पण माझं औषध निघालं ते तुमच्यासारख्यांनी पेडलं मारली म्हणून. मी बसले तर वेन्डेल रागावेल का?"

इर्मा उठली. मग तिनं बाहीनं ती सीट पुसली.

जोसीचे पाय अशक्त होते, पण मागची पेडलं आता रिकामी नव्हती. आम्ही रखडत, थांबत, पाणी पीत घाट चढलो. माथ्यावर इर्मा पुन्हा रडली आणि जोसीनं मागूनच तिच्या पाठीवर हात ठेवला.

आता दर उन्हाळ्यात माझ्या मागच्या सीटवर त्या आजारातून उठलेलं कुणी ना कुणी बसतं.

मित्रांनो, माझ्या चेनला तेल घाला, चाकांत हवा भरा, एवढं तर मी मागतेच. पण गेलेल्या माणसाची वस्तू नुसती जपून ठेवू नका. ज्याला तिची गरज आहे, त्याला तिच्यावर बसू द्या.