एका कानाचा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. ग्रंथालयातल्या ऐकण्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या खणात राहतो. नवा होतो तेव्हा माझे दोन्ही कान ठणठणीत होते. लोक माझ्यासाठी ताटकळत बसायचे. मग एकदा कुणीतरी वायर धरून मला खसकन ओढलं आणि माझा उजवा कान कायमचा बंद पडला. त्यानंतर जो तो म्हणू लागला, “तो नको, दुसरा द्या.”

‘नको’ न म्हणणारी एकच आली. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंची मुलगी. ऐकलेलं हुबेहूब बोलून दाखवायची, म्हणून आई तिला मैना म्हणायची. मैना माझ्याकडून कोरियन शिकली. डाव्या कानाने धडा ऐकायची. उजवा कान आईसाठी मोकळा, कारण काम सुटलं की आई दारातून हाक मारी. माझं वैगुण्य तिच्या चांगलंच पथ्यावर पडलं! उठताना ती माझी वायर सैलसर गुंडाळून ठेवायची. एवढी बडदास्त कुणी ठेवली नव्हती हो माझी.

शाळा संपली. कोरियन अभ्यासाला प्रवेश घ्यायचा हे नक्की होतं, पण कुठे? घराजवळच्या विद्यापीठात भाषा शिकून लगेच कंपनीत दुभाषी होता येणार होतं. दूरच्या विद्यापीठात भाषेबरोबर इतिहास होता, साहित्य होतं. पुढे काय, ते मात्र अधांतरी. दोन्हीकडचे नमुन्याचे तास मैनाने माझ्यातूनच ऐकले. जवळच्या तासाला सर ‘माल कधी पोहोचेल?’ हे वाक्य घोकवून घेत होते. दूरच्या तासाला बाईंनी समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या एका म्हातारीचं बोलणं लावलं आणि विचारलं, “ही मध्येच गप्प का झाली?”

तेवढ्यात आईने मैनाच्या खांद्यावर हात ठेवला. मैना दचकली.

“झालं का ठरवून?”

“जवळचंच घेते गं. तू एकटी पडशील.”

“माझं मी बघेन. आत्ता लावलंय ते दूरचंच ना? दे ते डबडं इकडे.”

डबडं म्हणजे मीच. आईने मला डोक्यावर चढवलं आणि डोळे मिटून म्हातारीला शेवटपर्यंत ऐकलं.

“काही कळलं?” मैनाने विचारलं.

“कळलं कप्पाळ! पण मी मघापासून दारात आहे. आधीच्या तासाला नुसत्या जांभया देत होतीस. आणि या म्हातारीपायी मी तीन हाका मारल्या, एकीला तरी ओ दिलीस का?”

मैना माझी वायर बोटाभोवती गुंडाळू लागली.

आईने मला उतरवून पदराने माझ्या कानांच्या उशा पुसल्या. “दूरचंच घे, बाई,” ती हळूच म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी मैना आली. कोरियन माणसं निरोप दोन तऱ्हांनी घेतात. जाणारा म्हणतो, ‘सुखाने राहा’. राहणारा म्हणतो, ‘सुखाने जा’. दोन्ही ती माझ्यापाशीच शिकली होती. वायर गुंडाळता गुंडाळता तिने मला पहिलं म्हटलं आणि खण लावला.

दुसरं म्हणायची पाळी माझी होती. पण कुणी धडा लावल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मित्रांनो, हेडफोन काढताना वायर ओढू नका, पिन धरून अलगद काढा. आणि या खोलीत आलात तर खिडकीजवळचा खण उघडा, निरोपाचा धडा लावा. माझं तेवढं एक वाक्य म्हणायचं राहिलंय.