चार मात्रांची जागा

यादव थेटेची 'माझं मी' ही कॅसेट बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते आणि एकंदरीत झकास चाललं होतं. मेनरोडच्या दुकानात माल दोनदा संपला, रिक्षांत गाणी वाजायला लागली. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडणाऱ्या त्याच्या काकू, ज्यांना आजवर त्याचं गाणं म्हणजे निव्वळ धिंगाणा वाटायचा, त्यासुद्धा तिसरं गाणं गुणगुणताना सापडल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर माणसानं पहिल्यांदा एकट्याच्या नावावर गाणी काढावीत आणि लोकांनी ती उचलावीत, आणखी काय पाहिजे?

तरी घरात टीव्हीवर एक कॅसेट पडून होतीच. तिच्यावर यादवनं 'गोरक्षला' असं लिहिलं होतं आणि ती नेऊन द्यायची त्याची छाती होत नव्हती. सगळ्या नाशिकनं वाहवा केली, पण गोरक्षनं नाक मुरडलं तर? मग ती वाहवा यादवला गोड लागणार नव्हती. आपलं गाणं चांगलं झालंय हे त्याला आजवर गोरक्षच्या तोंडावरूनच कळत आलं होतं.

गोरक्ष म्हणजे 'हापसा'चा गिटारवाला. चौऱ्याऐंशी साली इंदिरानगरला एका हापशाशेजारच्या गॅरेजात चार टाळक्यांनी बँड काढला आणि पुढं सतरा वर्षं अख्खा जिल्हा नाचवला. गॅदरिंगला 'हापसा' नाही म्हटलं की पोरं तोंड वाकडं करायची. त्यांची एक खास रीत होती. यादव दोन ओळी गायचा, मग चार मात्रा गप्प राहायचा, आणि त्या मोकळ्या जागेत गोरक्षची गिटार त्याला उत्तर द्यायची. कधी चिडवायची, कधी समजूत घालायची. लोक खरे त्या जागेसाठीच यायचे.

मग दोन हजार एकला नांदगावच्या कॉलेजात माशी शिंकली. तीच अकरा गाणी गाऊन यादव विटला होता. त्यानं कुणाला न विचारता भर कार्यक्रमात नवं गाणं सुरू केलं, दोन ओळी गायला, थांबला, आणि गोरक्षनं गिटारला हातच लावला नाही. चार मात्रा चार तासांसारख्या गेल्या. परतीच्या टेम्पोत गोरक्ष म्हणाला, "लोकांना जुनंच पाहिजे." यादव म्हणाला, "मग तुम्हीच वाजवा जुनं." झालं! बँड सुटला, बोलणं सुटलं, आणि दोघंही असे हट्टी की दोन वर्षं कुणी आपणहून फोन केला नाही.

कॅसेटच्या वेळी मात्र यादवची फजिती झाली. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारा राजू कानावरचा हेडफोन काढून म्हणाला, "काका, प्रत्येक गाण्यात दोन ओळींनंतर काहीतरी राहिलंय. नुसता ठेका चाललाय." यादवनं हेडफोन लावून सगळं पुन्हा ऐकलं. नवा ताल, नवे शब्द, सगळं स्वतःचं, आणि नऊच्या नऊ गाण्यांत चार मात्रांची जागा सोडलेली! यादव नको नको म्हणेपर्यंत राजूनं पाचव्या गाण्यात तिथं कीबोर्ड भरलासुद्धा. "बाकीची राहू दे तशीच," यादव म्हणाला.

शेवटी शुभांगीच, म्हणजे त्याची बायको, वैतागली. "अहो, टीव्ही पुसताना रोज ती कॅसेट उचलून ठेवतेय मी. आज देऊन या, नाहीतर मी जाते."

यादवनं मुकाट्यानं स्कूटर काढली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो इंदिरानगरला गोरक्षच्या दारात पोचला, बेलकडं हात नेला आणि तसाच थांबला. आत त्याचंच गाणं लागलं होतं. चौथं. दोन ओळी झाल्या, जागा आली आणि आतून गिटार वाजली! तीच ती, चिडवणारी. पुढच्या दोन ओळी, पुन्हा गिटार, कुठं अडखळणं नाही, चाचपडणं नाही. हे रोजचं चाललेलं होतं. यादवचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

पाचवं गाणं सुरू झालं. जागेवर राजूचा कीबोर्ड वाजला आणि आतून गोरक्ष ओरडला, "कोणत्या गाढवानं इथं पिपाणी घुसवली?"

"राजूनं!" यादव बाहेरूनच ओरडला. "मी नको म्हणत होतो!"

दार उघडलं. बनियनवर गिटार अडकवलेला गोरक्ष, केस पार पिकलेले.

"इंदिरानगरला यायला दोन वर्षं लागली होय?"

"कॅसेट आणलीय."

"माझ्याकडं आहे. पहिल्याच दिवशी घेतली." त्यानं ती तरी हातातून ओढून घेतली, वरचं आपलं नाव वाचलं. "आठ गाण्यांत माझी जागा ठेवलीस, आणि वर नाव काय, तर 'माझं मी'!" मग खाली बघत म्हणाला, "नांदगावला मी वाजवायला पाहिजे होतं, याद्या. चुकलं माझं."

"मीही विचारायला पाहिजे होतं."

"बरं झालं सुटलास. ही गाणी आपल्यात राहून झाली नसती." गोरक्षनं टेप बंद केला आणि खुर्ची पुढं सरकवली. "पाचवं म्हण आता. पिपाणीशिवाय."

यादव दोन ओळी गायला आणि गप्प राहिला.