आश्रुबा शिंप्याचा टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. कडा विरलेला, पहिले दोन आकडे पुसट झालेला. लिंबागणेशच्या आश्रुबा शिंप्याच्या गळ्यात मी एकवीस वर्षं काढली. लग्नसराईत मला दम खायला फुरसत नसे. ‘आश्रुबाचं माप चुकत नाही,’ असं लोक म्हणत, तेव्हा निम्मं कौतुक मी गुपचूप माझ्याकडे घेई.

आश्रुबा प्रत्येक शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवी. शिंपी त्याला माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. गेल्या वर्षी तो स्वतःचीच विजार उसवू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. ‘शेठ झालात,’ म्हणून गिऱ्हाइकं थट्टा करत. तोही हसे. मला मात्र त्या वर्षात त्यानं स्वतःच्या पोटाला एकदाही लावलं नाही. अख्ख्या गावाचं माप घेणारा स्वतःचं माप घ्यायला भीत होता.

शेवटी माया संपली. त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, मला उचललं आणि त्याच्या बेंबीवरून फिरवलं. एक्केचाळीस इंच. मागच्या वहीत त्याचं जुनं माप चौतीस होतं.

“दंड वाळायलाय अन् पोट कावून वाढायलंय? दवाखान्यात चला.”

“लोकं म्हणतील, आश्रुबा चोरून पितो.” त्यानं जन्मात थेंब घेतला नव्हता.

“लोकांचे कपडे शिवा. त्यांची तोंडं शिवणं आपलं काम न्हाई.”

बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही चरबी नाही, पोटात पाणी झालंय. अंगात दडून राहिलेल्या काविळीनं लिव्हर खराब झालं होतं. दारू न पिताही असं होतं. त्यांनी सुईनं पाणी काढलं, गोळ्या दिल्या, मीठ कमी केलं आणि रोज सकाळी वजन व पोटाचं माप लिहायला सांगितलं.

आता दुकानात नवा टेप आहे. मी घरात खुंटीवर असतो आणि रोज एकाच माणसाचं माप घेतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण काल छत्तीस भरलं. आश्रुबानं विजार आवळायला घेतली.

“जास्तीचं कापड कापू नका,” छबुबाई म्हणाली.

“न्हाई कापत,” म्हणत त्यानं माया आत दुमडून शिवली. छबुबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, घरात कुणाचं पोट वाढत असेल आणि हातपाय वाळत असतील, तर हसू नका, विचारा. मी रोज त्याच्या छातीवर होतो, तरी सात इंच गप्प राहिलो. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.