पाप ओळखणारं पाणी

रविवारी दुपारी आमच्या घरासमोरचं मैदान गाड्यांनी भरून जायचं. अलाबामाच्या त्या कोपऱ्यातल्या लोकांना आम्हा बायकांशी एरवी काही देणंघेणं नव्हतं. तुरुंगातून सुटलेलीच्या शेजारी चर्चच्या बाकावरही कोणी बसत नसे. पण आमच्यासारख्यांसाठी हे घर चालवणाऱ्या ब्रदर हॉलिसचं पाणी बघायला गावोगावची माणसं यायची.

पाणी साधंच दिसायचं. पांढऱ्या भांड्यात, नितळ. ब्रदर आमच्यातल्या एकीला पुढे बोलवायचा, ओलसर टॉवेल देऊन हात पुसायला सांगायचा. "जगाची धूळ पुसून टाक, बाळ. आतली काय ती दिसू दे." मग ती भांड्यात हात बुडवायची. पाणी तसंच राहिलं तर टाळ्या, गाणी, मिठ्या. पण कधी कधी बोटांभोवती लाल धागे सुटायचे आणि बघता बघता सगळं पाणी लालभडक व्हायचं. लोक श्वास रोखायचे. ब्रदर डोळे मिटून, आवाज खाली आणून म्हणायचा, "रक्त बोलतं." फार कमावलेला आवाज होता तो, त्याच आवाजात तो मोटेलवाल्यांना चादरी कधी मिळतील तेही सांगायचा.

कारण घरामागे त्याची लाँड्री होती. तिथल्या चादरी आम्ही धुवायचो, प्रायश्चित्त म्हणून, फुकट. जिचं पाणी लाल झालं तिला घर सोडता येत नसे. तीनदा लाल झालं, की हिला पश्चात्ताप नाही असं तो पॅरोल अधिकारी ग्रेडीसाहेबांना कळवायचा. डेसा नावाच्या बाईने मजुरी मागितली होती. तिचं पाणी तिसऱ्यांदा लाल झालं आणि शेरीफची गाडी तिला परत तुरुंगात घेऊन गेली. तिच्या कपाला नंतर कोणी हात लावला नाही.

आर्डिथ पेल पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. दारू पिऊन गाडी चालवताना तिच्या हातून एक मुलगा गेला होता. त्याची शिक्षा भोगून ती आमच्यात आली. पहिल्याच रविवारी तिचं पाणी लाल झालं. तिने ते ओळखायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. ती मात्र पाण्यातून हातच काढेना. नंतर मला म्हणाली, की शेवटी कोणीतरी खरं बोललं असं तिला वाटलं होतं. अपराधाचं ओझं शिकलेल्या माणसालाही असं आंधळं करतं.

तिचे डोळे उघडले ते आमच्यातल्या जुनेलमुळे. जुनेलची लहान मुलगी मावशीकडे होती, तिच्याजवळ राहायला जायची परवानगी जुनेलने मागितली. लगेचच्याच रविवारी तिचं पाणी लाल झालं. पुढच्या रविवारी पुन्हा. त्या आठवड्यात आर्डिथ लाँड्रीत धुण्याचा सोडा ओतत होती. ओली बोटं तिने एकमेकांवर घासली आणि थबकली. ती बुळबुळ ओळखीची होती. ब्रदरचा टॉवेल हाताला तसाच लागला होता. मग तिने नीट आठवून बघितलं: टॉवेलांच्या चवडी दोन असायच्या, आणि जिला अडकवायचं तिला डावीकडचा मिळायचा.

मी तिला म्हटलं, गप्प राहा, नाहीतर तूही आत जाशील.

"जाईन," ती म्हणाली. "पण येत्या रविवारी जुनेलची तिसरी वेळ आहे."

त्या रविवारी ग्रेडीसाहेब स्वतः आले, गाडी दाराशीच उभी केली. गावातल्या चर्चमध्ये आईचा मान असलेल्या मदर ओझेलाही होत्या. ऐंशीच्या घरातल्या या बाई आमच्यासाठी मक्याचा पाव आणि कोट आणायच्या, पण पाणी बघायला कधी थांबत नसत. आर्डिथने विनवण्या करून त्यांना थांबवलं होतं.

जुनेलने हात पुसले. ती पुढे वाकणार, इतक्यात आर्डिथने तिच्याकडून टॉवेल घेतला आणि ब्रदरपुढे धरला. आधी तुम्ही, म्हणाली. ब्रदर हसला. सैतान शिकलेल्यांच्या तोंडून कसा बोलतो, ते त्याने सुरू केलं. ग्रेडीसाहेब आर्डिथकडे सरकले. तेवढ्यात मदर ओझेला उठल्या.

"दे गं इकडे," त्या म्हणाल्या. सावकाश हात पुसले, पाण्यात बुडवले.

पाणी लालभडक झालं.

त्या गावातली निम्मी माणसं जन्मताना त्याच हातांत आली होती. "ब्रदर," मदर म्हणाल्या, "हे कुणाचं रक्त म्हणायचं?"

आर्डिथने थंड चहाच्या टेबलावरच्या लिंबाच्या फोडी उचलून भांड्यात पिळल्या. पाणी पुन्हा नितळ झालं. ती वर्गात शिकवावं तशी बोलत होती: पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन आहे, टॉवेलात धुण्याचा सोडा. सोड्याने ते लाल होतं, लिंबाच्या आंबटाने रंग जातो. शाळेतली मुलं हा प्रयोग करतात.

ग्रेडीसाहेबांनी टॉवेलांच्या दोन्ही चवडी गाडीत टाकल्या, आणि ब्रदरलाही बसवलं. जुनेल मुलीकडे गेली. डेसा मात्र अजून आतच आहे. तिची सुनावणी व्हायची आहे. आत टाकताना इतका वेळ लागला नव्हता.

घर आता मदर ओझेलांचं चर्च चालवतं. कामाची मजुरी मिळते, प्रार्थना वाटली तर करायची. एकीने आर्डिथला विचारलं, मग तुझं पापही खोटंच का?

"ते खरंच आहे," आर्डिथ म्हणाली. "त्या मुलाच्या आईला भेटायची परवानगी मागितली आहे. ती नाही म्हणाली, तर जाणार नाही."

देव मानायचा त्याने मानावा. पण तुमच्या मनातलं पाप मी दाखवतो असं कोणी म्हणालं, तर आधी स्वतःवर करून दाखव म्हणा. आणि तेवढं म्हणायलाही भीती वाटत असेल, तर ती भीती तुमच्यात कोणी घातली, त्यात कुणाचा फायदा आहे, ते शोधा.