मारुतीपासून नववे घर

वस्तीत एकसष्ट घरे होती. विहिरी सात, त्यांपैकी चारांवर मोट चालू होती, आणि उरलेल्या तिन्हींच्या मळ्यांत भाजीपाल्याच्या जागी कापूस उभा होता. बारा वर्षांखालची मुले एकशे सत्तावीस. हा शेवटचा आकडा भगवंताने घरोघरी जाऊन, आयांना विचारून काढला होता, आणि त्याच्यावरच त्याचा विश्वास नव्हता.

अमरावतीच्या शाळेने निबंधाची स्पर्धा लावली होती. प्रश्न असा : कापसाची तेजी आल्यापासून आपले गाव वाढले की घटले ते आकड्यांनी दाखवा, आणि त्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा तेही लिहा. पहिला येणाऱ्याला मुंबईत शिकण्याचा खर्च मिळणार होता. भगवंत अंजनगावजवळच्या माळ्याचा मुलगा. मुंबईला जाण्याची दुसरी सोय त्याच्याकडे नव्हती.

अविश्वासाचे कारण घरातच होते. त्याच्या वहिनीने, सुभद्राने, मुले दोनच सांगितली. तिसरा तिच्या कडेवर होता.

"वहिनी, आणि हा?"

"कोन हा? मले दोनच हायत. लिवा भाऊजी."

तिची आधीची दोन बाळे गेली होती. मोजलेल्या मुलाला नजर लागते, म्हणून ज्याला जपायचे ते मूल सोडून आई बाकीची सांगते. हे भगवंताला लहानपणापासून ठाऊक होते. पण अशा आया किती, हे कोणीच कधी पाहिले नव्हते.

कोजागिरीला त्याला उपाय सापडला. साऱ्या वस्तीची भुलाबाई त्यांच्याच घरी मांडली होती. संध्याकाळी गाणी झाली की त्याची आई मनकर्णाबाई खिरापत वाटायची. मूल झोपलेले असो की तापाने पडलेले, त्याचा वाटा आई मागून न्यायची. खिरापतीतून मूल वगळायला कोणाचेच मन होत नसे. भगवंत ओसरीवर बसून घरागणिक वाटे मोजत राहिला. एकशे एकोणपन्नास झाले.

सुभद्राने तीन घेतले आणि त्याच्याकडे पाहिले.

"काहून मोजून राह्यले भाऊजी?"

"निबंधासाठी. नाव कोणाचंच लिहिणार नाही."

"माया लहान्याचं तं नाहीच ना?"

"नाही वहिनी."

"मंग लिवा. मुंबईले गेल्यावर आमाले वळखजा म्हंजे झालं."

त्याने शब्द पाळला. निबंधात एकही नाव नव्हते. पण नुसत्या बेरजेतला फरक दाखवून भागत नव्हते. थोड्या घरांनी पुष्कळ मुले लपवली, की पुष्कळ घरांनी एकेक, हे कळायला कोष्टक हवे होते. म्हणून त्याने घरांना क्रमांक दिले. मारुतीच्या देवळापासून ओळीने, जसा तो फिरला होता तसेच. गावात कोणीही घरे मोजली असती तरी तशीच मोजली असती.

बक्षीस समारंभ मार्गशीर्षात झाला. कापसाच्या गाड्या घेऊन गावचे आठ-दहा जण अमरावतीला आले होते. भगवंताचा थोरला भाऊ, सुभद्राचा नवरा रामराव, त्या सगळ्यांना शाळेत घेऊन आला. अकोल्याहून आलेल्या परीक्षकांनी पहिला नंबर भगवंताचा म्हणून सांगितले. असे कोष्टक आपण कधी पाहिले नाही, असे म्हणून ते त्यांनी मोठ्याने वाचायला घेतले.

"घर पहिले : सांगितली दोन, वाटे दोन. घर दुसरे : सांगितली तीन, वाटे चार."

मागे बसलेले गावचे खुशालराव बोटांवर मोजू लागले. "दुसरं म्हंजे नत्थुजीचं."

"चूप बसा न काका," रामराव म्हणाला.

"घर नववे : सांगितली दोन, वाटे तीन."

"हे तं तुयंच, रामराव. लहाना लपवून ठेवला काय बे?"

गावचे सगळे हसले. रामराव हसला नाही.

भगवंत पुढे उभा होता. क्रमांक चिठ्ठ्या काढून, उलटसुलट दिले असते तरी निबंध तितकाच पक्का राहिला असता, हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळले.

तो घरी पोचण्याआधीच गाड्या गावात पोचल्या होत्या. सुभद्रा चुलीपुढे होती. तिने वर पाहिले नाही.

"नाव नाही लिवलं ना तुमी?"

"नाही वहिनी."

"तरी साऱ्याइले समजलं."

तो मुंबईला निघाला तेव्हा तिने दशम्या बांधून दिल्या. लहान्याला मात्र निरोपाला बाहेर आणले नाही.

पुढच्या कोजागिरीला तो सुट्टीवर घरी होता. लहाना सुखरूप होता, अंगणभर धावत होता. मनकर्णाबाईंनी गेल्या वर्षाच्या अंदाजाने दीडशे वाटे करून ठेवले होते. बायका आल्या, गाणी झाली. सुभद्राने हात पुढे केला.

"दोन द्या, आत्याबाई."

"अवं, तीन घे न."

"दोन."

लहाना तिचा पदर धरून टोपलीकडे पाहत होता. भगवंताने एक वाटा उचलून त्याच्यापुढे धरला. सुभद्राने तो त्याच्या हातून काढून घेतला, परत टोपलीत ठेवला आणि मुलाला उचलून आत गेली. तिच्यामागच्या बाईने ओसरीवर बसलेल्या भगवंताकडे एकदा पाहिले आणि एकच वाटा मागितला.

शेवटची बाई गेली तेव्हा टोपलीत एकतीस वाटे उरले होते.